एकट्यानं गाडीखाली शिरताना: कोणती अवजारं, कोणती काळजी?

धुऱ्यावरचा | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इथं वाचतो रोज, लिहितो क्वचित. आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. घरी ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, एक जुनी जीप आणि दोन मोटरसायकली. मिस्त्री तालुक्याला, आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत तो तीन-तीन दिवस येत नाही. त्यामुळे ऑइल, फिल्टर, ब्रेक, बेअरिंग, वायरिंग, सगळं घरीच करतो. आधी धाकटा भाऊ पाना द्यायला, बॅटरी धरायला असायचा. तो नोकरीला पुण्याला गेला आणि आता शेडमध्ये मी एकटाच असतो.

काल हरभऱ्याच्या पेरणीआधी पुढच्या उजव्या चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरायचं काढलं. पाच टनी बाटली जॅक लावला. जमीन वरून कोरडी दिसत होती, पण आदल्या दिवशी म्हशी धुतल्याचं पाणी तिथंच मुरलेलं. जॅकचं बूड एका अंगाला खचलं, जॅक तिरपा झाला आणि ट्रॅक्टर खाली आला. काढलेलं चाक मी चेसिसखाली आडवं सरकवून ठेवलं होतं. ही वडिलांनी लावलेली सवय, त्यामागं काही विचार नव्हता. ट्रॅक्टर त्या चाकावर बसला. माझा हात तिथून वीतभर लांब होता.

फोन ट्रॅक्टरच्या सीटवर. बायको वावरात कापूस वेचायला. शेजारचं घर हाकेच्या पलीकडं. ते चाक तिथं नसतं तर मी संध्याकाळपर्यंत कोणाला सापडलो नसतो.

एकट्यानं काम थांबवणं मला शक्य नाही. मग अशा माणसानं जवळ काय ठेवावं, काय अजिबात करू नये? पुस्तकातलं नको, तुम्ही स्वतः करता ते सांगा.

पऱ्हाटीवाला | सोमवार, रात्री ९:३२

भाऊ, वाचलात, देवाची कृपा. आधी फोन शर्टाच्या खिशात ठेवायची सवय लावा. बाकी नंतर.

बाभूळबन | सोमवार, रात्री ९:४८

काळ्या मातीत जॅक थेट टेकवायचाच नाही बाप्पा. ही माती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते. वरून पापडी कडक आणि आत लोणी. मी बाभळीची फळी ठेवली आहे, फूट बाय फूट, दोन इंच जाड, वरून पाच एमएमची लोखंडी पाटी ठोकलेली. जॅकचा भार पसरतो आणि बूड लाकडात रुतत नाही. नुसती पाटी ठेवली तर ती घसरते, नुसतं लाकूड जॅकच्या बुडाखाली दबते. दोन्ही एकत्र पाह्यजे.

निवृत्त_मेकॅनिक | सोमवार, रात्री १०:२५

मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली. तिथं आम्हाला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवली गेली आणि ती निवृत्तीपर्यंत पुरली: जॅक उचलायला, घोडी (गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) धरायला. बाटली जॅकच्या आत रबरी सील असतं. ते कधी गळेल याचा निरोप ते देत नाही. तो पाच टनाचा असो की वीस टनाचा, गाडी वर गेली की तिचं वजन घोडीवर उतरवायचं आणि जॅक नुसता टेकून ठेवायचा. घोड्या बाजारातून दोन आणा, किंवा गावातल्या वेल्डरकडून जाड पाइपाच्या करून घ्या. बूड रुंद हवं आणि पिन लोखंडाची भरीव हवी. सळईचा तुकडा पिन म्हणून घालू नका.

आता ट्रॅक्टरचं वेगळेपण सांगतो, कारण जीपवर शिकलेला माणूस इथं फसतो.

पहिलं. पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलत असतो, म्हणजे शेतात खाचखळग्यांत चाकं वरखाली व्हावीत. तुम्ही मधून चेसिस उचलली की वरचं धूड त्या पिनवर एका अंगाला कलू शकतं. म्हणून एक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या आणि मग जॅकला हात लावायचा.

दुसरं. मागचं एक चाक उचललं की गिअरवर भरवसा ठेवू नका. डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरसंच) असल्यामुळे उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सरकतं. गिअर पडलेला असतो तरी गाडी हलते. दोन्ही ब्रेक पेडल जोडून पार्किंग ब्रेक ओढा आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.

तिसरं. वर गेल्यावर, खाली शिरायच्या आधी, बाजूला उभं राहून गाडीला जोर लावून हलवून पाहा. पडायची असेल तर तेव्हाच पडू द्या.

तुमच्या वडिलांची चाक खाली सरकवायची सवय एसटीतही होती. ती सोडू नका.

जुनं_ते_सोनं | मंगळवार, सकाळी ७:०५

एवढं करत बसलं तर पेरणी दिवाळीनंतरच्या दिवाळीला होईल. आम्ही चाळीस वर्षं दोन दगड आणि चार विटांवर ट्रॅक्टर ठेवून काम केलं. काही झालं नाही. नवीन पिढीला भीती फार.

निवृत्त_मेकॅनिक | मंगळवार, सकाळी ८:१५

दादा, आपल्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो. वीट ही भार सरळ आला तोवर धरते, आणि एका कोपऱ्यावर आला की क्षणात भुगा होते. आधी काही सांगत नाही. दगड फुटला नाही तरी लोखंडावर घसरतो. लाकूड मात्र दबतं, चिरतं, करकरतं. त्या आवाजानं माणसाला बाहेर यायला वेळ मिळतो. खाणीतही लाकडी टेकू वापरत आले ते याच कारणासाठी. तुमचे दगड टिकले याचा मला आनंद आहे, पण माझ्या नजरेसमोर विटेवरचा टेम्पो बसलेला आहे आणि खालचा पोरगा सतरा वर्षांचा होता. त्याचा पाय वाचला नाही.

जुनं_ते_सोनं | मंगळवार, सकाळी ८:४०

सतरा वर्षं. बरं. विटा काढून टाकतो.

संत्राबाग_मोर्शी | मंगळवार, सकाळी ११:२०

मी मीना. मोर्शीकडं आमची संत्र्याची बाग आहे. आमचे हे पण असेच, दुपारी जेवण झालं की शेडमध्ये जातात आणि चार वाजेपर्यंत कोणाला पत्ता नाही. मागच्या उन्हाळ्यात बाहेर ४५ डिग्री आणि पत्र्याच्या शेडमध्ये हे स्प्रेयरच्या पंपाखाली. चक्कर येऊन पडले. पोरगं बॉल शोधायला गेलं म्हणून कळलं.

तेव्हापासून घरात एक पद्धत केली. खाली शिरताना मला निरोप: "शिरलो, अर्धा तास". अर्ध्या तासानं "निघालो" आलं नाही तर मी फोन करते, आणि उचलला नाही तर जाऊन पाहते. मी बागेत लांब असेन तर सासूबाईंना सांगते. सुरुवातीला हे चिडायचे, आता स्वतःच पाठवतात.

दुसरं, मी स्वतः जॅक चालवायला शिकले. म्हणजे खाली कोणी अडकलं तर उचलता येईल. सासूबाईंना १०८ लावता येतो, आणि गावाच्या नावाबरोबर "मारोतीच्या देवळापासून डाव्या हाताची पांदण" हे पण सांगता येतं. अॅम्ब्युलन्सवाल्याला पांदण कशी माहीत असणार? मोठ्या रोडवर एक पोरगं उभं करायचं, हे आमचं ठरलेलं आहे.

तुरीचा_दाणा | मंगळवार, दुपारी १२:०२

मीनाताई, पटलं. पण घरच्यांना एवढं सांगून घाबरवायचं काऊन? आमची आई तर मी स्टूलावर चढलो तरी देव पाण्यात ठेवते.

संत्राबाग_मोर्शी | मंगळवार, दुपारी १२:३०

माहीत नसलं की जास्त भीती वाटते भाऊ. सासूबाईंना काय करायचं ते कळल्यापासून त्या शांत झाल्या. आईंना एकदा शेडमध्ये नेऊन घोडी कशी धरते ते दाखवा.

पैनगंगा | मंगळवार, दुपारी ३:४५

जॅकवर बरंच आलं. मी वेगळी गोष्ट लिहितो. लिहायला जड जाते, पण लिहितो.

माझे मोठे काका ट्रॅक्टर सुरू करताना गेले. वाशीम जिल्ह्यातलं गाव आमचं. चाबीवर सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) घेत नव्हता. सगळे करतात तेच त्याइनं केलं. खाली उभं राहून सेल्फच्या दोन बोल्टांवर पेचकस आडवा धरला. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. इंजिन एका झटक्यात चालू झालं आणि ते उभे होते पुढच्या-मागच्या चाकाच्या मधात. मागचं चाक अंगावरून गेलं. ट्रॅक्टर पुढे धुऱ्याला जाऊन अडकला आणि तिथं चालूच होता. आवाज येत होता म्हणून घरच्यांना वाटलं, काम सुरू आहे.

ज्या ट्रॅक्टरला क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न लागायचा स्विच असतो, तोही पेचकसानं बाजूला पडते. म्हणजे ज्यानं वाचवायचं त्यालाच आपण काढून टाकतो. आमच्या भागात दर दुसऱ्या ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये काळा पडलेला, टोक जळालेला पेचकस सापडते. तो कशासाठी आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा भाग), स्विच, वायर, जे खराब असेल ते बदला. ट्रॅक्टर फक्त सीटवर बसून सुरू करा. खाली उभं राहून कधीच नाही, न्यूट्रलची खात्री असली तरी नाही. काकांनाही खात्री होती.

पऱ्हाटीवाला | मंगळवार, दुपारी ४:१०

वाचून सुन्न झालो. माझ्या टूलबॉक्समध्ये असा पेचकस आहे. आत्ता जाऊन काढतो.

धुऱ्यावरचा | मंगळवार, दुपारी ४:२२

पैनगंगा भाऊ, लिहिलंत त्याबद्दल आभार शब्दांत मावणार नाहीत. माझ्याकडंही आहे. मागच्या हंगामात दोन महिने मी त्यावरच ट्रॅक्टर चालवला.

वायरमन_दिग्रस | मंगळवार, सायंकाळी ६:३०

सेल्फ घेत नसेल तर निम्म्या वेळा दोष सेल्फचा नसतो. आधी बॅटरीचे टर्मिनल पाहा. पांढरा-हिरवा क्षार चढलेला असतो. कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशनं साफ करा, कोरडं करून वरून पेट्रोलियम जेली लावा. मग चेसिसला जाणारी अर्थची पट्टी सोडून, घासून, पुन्हा घट्ट करा. बरेच ट्रॅक्टर एवढ्यावर चाबीला घेतात.

साधा मल्टीमीटर घ्या. एकट्या माणसाचा तो जोडीदार आहे. गाडी बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४. चालू असतानाही १२ च दिसत असेल तर अल्टरनेटर किंवा बेल्ट पाहा, बॅटरीला दोष देऊ नका.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलटं केलं आणि पाना चेसिसला लागला की ठिणगी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला तरी पेट घेतो. म्हणून चार्जिंग बंद खोलीत नाही, बिडी जवळ नाही. दुसऱ्या गाडीवरून जम्पर लावला तर शेवटची काळी क्लिप बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

आणि हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पॉझिटिव्ह आणि चेसिस यांच्यामध्ये अंगठी सापडली की ती लाल होते, आणि तेव्हा ती बोटातून निघत नाही.

डॉ_कोरडवाहू | मंगळवार, रात्री ९:५५

ग्रामीण रुग्णालयात नोकरी करतो. तीन गोष्टी अशा, ज्यात लोक घरीच वेळ घालवतात.

अॅसिड डोळ्यात गेलं तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचं, पापणी बोटानं उघडी धरून. दूध नाही, तूप नाही, चुना तर अजिबात नाही. धुऊन झाल्यावर दवाखाना. शेडमध्ये एकटे असाल तर पाण्याची कॅन कुठं आहे हे डोळे मिटून सापडलं पाहिजे. एकदा खरंच डोळे मिटून जाऊन पाहा.

दुसरी गोष्ट सगळ्यांत फसवी. इंजेक्टर किंवा हायड्रॉलिकच्या बारीक चिरेतून निघालेली धार कातडी भेदून आत जाते. बाहेर टाचणी टोचल्याएवढा ठिपका, रक्त नाही, सुरुवातीला दुखणंही फार नाही. माणूस हात पुसून कामाला लागतो. काही तासांत बोट सुजतं, ताठतं, काळं पडायला लागतं. आतलं तेल ऑपरेशन करूनच काढावं लागतं आणि उशीर झाला तर बोट जातं. अशा वेळी जवळच्या छोट्या दवाखान्यात टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन घरी येऊ नका. सर्जन आहे अशा ठिकाणी जा, वर्धेकडच्यांना सेवाग्राम जवळ आहे, आणि "डिझेल दाबानं आत गेलंय" हे शब्द स्पष्ट सांगा. नाहीतर ठिपका पाहून तिथलाही माणूस फसू शकतो.

तिसरी, कोणी खाली अडकलं तर चार जणांनी मिळून गाडी हातानं उचलू नका. दम संपतो आणि गाडी पुन्हा त्याच अंगावर बसते. एकानं १०८ लावायचा, बाकीच्यांनी जॅकनं थोडं उचलायचं, लगेच ठोकळा सारायचा, पुन्हा थोडं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि मध्ये उचलून पाहायचं नाही.

इंजेक्टर_अकोट | मंगळवार, रात्री १०:४०

डॉक्टरसाहेबांनी लिहिलं ते आमच्या धंद्यातलं आहे. डिझेल संपून हवा घुसली की शेतकरी स्वतः हवा काढतात. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारणं ठीक आहे, तिथं दाब कमी असतो. पण इंजेक्टरची नळी ढिली करून सेल्फ मारताना हात, तोंड, सगळं लांब. जुन्या ट्रॅक्टरचा नोझलसुद्धा दोनशे बारच्या आगेमागे उघडते, आणि नवीन कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जाड नळीतून डिझेल देणारी पद्धत) दाब हजार बारच्या वर जाते. कॉमन रेलची नळी घरी सोडूच नका.

गळती शोधायची तर बोट फिरवू नका. पुठ्ठा फिरवा. जिथं पुठ्ठा ओला झाला तिथं चीर. आणि हायड्रॉलिकचं काम करायच्या आधी औजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन-चारदा वरखाली करा, म्हणजे आतला दाब निघून जाते.

तुरीचा_दाणा | बुधवार, सकाळी ८:५०

एकट्यानं ब्रेकची हवा कशी काढायची? जीपला दरवेळी कोणीतरी पेडल मारायला लागते.

निवृत्त_मेकॅनिक | बुधवार, सकाळी ९:३०

पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, चाकाच्या ब्रेकवरच्या हवा सोडायच्या निपलवर घट्ट बसणारी. दुसरं टोक बाटलीत, आणि बाटलीत आधीच दोन बोटं नवं ब्रेक ऑइल, नळीचं टोक त्यात बुडालेलं. निपल पाव फेरा ढिलं करा, मग सीटवर जाऊन पेडल सावकाश दाबा, सावकाश सोडा. पेडल वर येताना नळी हवेऐवजी ऑइल ओढते. चार-पाच वेळा झाल्यावर खाली येऊन बुडबुडे पाहा, वरची टाकी भरा. टाकी रिकामी होऊ दिली तर सगळं पहिल्यापासून. लांबच्या चाकापासून सुरुवात करा. ऑइल डब्यावर लिहिलेल्या ग्रेडचंच, आणि उघडं राहिलेलं जुनं वापरू नका, ते हवेतलं पाणी ओढतं.

एकट्याच्या कामाची अजून अवजारं सांगतो. लॉक होणारी पक्कड, एका टोकाला ती अडकवली की दुसरा हात मोकळा. लोहचुंबकाची लांबणारी काठी. डोक्याला बांधायची बॅटरी. चाकपान्यासाठी दोन फुटी पाइप, पण तो नेहमी स्वतःकडं ओढायचा, ढकलायचा नाही, म्हणजे निसटला तर माणूस गाडीवर आदळत नाही. आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे. वर उचललेल्या गाडीवर जोर लावणं म्हणजे आपणच तिला घोडीवरून पाडणं.

अवांतर: माझ्या नातीला दोनचा पाढा येत नाही, पण पान्यांचे नंबर तोंडपाठ. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, पुढं अठरा-एकोणीस. मग वीस-बावीस आला की थांबते आणि विचारते, "आबा, एकवीस कुठं गेला?" मला आजवर उत्तर देता आलं नाही.

वायरमन_दिग्रस | बुधवार, सकाळी ९:५८

आबा, नातीला सांगा, एकवीस माझ्या शेडमधून हरवलेल्या पान्यांबरोबर आहे. सापडला की पाठवतो.

धानपट्टा | बुधवार, सकाळी ११:१५

लॉक पक्कड, हेडलाइट बॅटरी, यादीत घेतलं. हातमोज्यांचं काय? शेतकी प्रदर्शनात सगळे हातमोजे घाला म्हणतात.

बाभूळबन | बुधवार, सकाळी ११:४०

गरम सायलेन्सर, पत्रा, अॅसिड, तिथं घाला. फिरत्या पट्ट्याजवळ, पीटीओजवळ (ट्रॅक्टरच्या मागं यंत्र फिरवणारा शाफ्ट), ड्रिलवर नका घालू. मोजा पकडला की बोट त्याच्यामागं जाते.

धानपट्टा | बुधवार, दुपारी १२:०५

ग्राइंडरवर?

बाभूळबन | बुधवार, दुपारी १२:२०

तिथं चष्मा आधी. गार्ड काढलेला ग्राइंडर हातात घेऊ नका. मोजे अंगाला घट्ट बसणारे असले तर ठीक, ढिले सुती नकोत.

पैनगंगा | बुधवार, दुपारी १:३०

पीटीओचं नाव निघालं म्हणून. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. शेला, दुपट्टा, धोतराचा सोगा त्यात गेला तर "अरे" म्हणायलाही वेळ मिळत नाही. थ्रेशरच्या अपघातांमुळेच तर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांवर केंद्राला कायदा करावा लागला. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं की लोक काढून फेकतात, नवीन आणत नाहीत. तेवढं आणा.

ट्रॉलीचंही सांगतो. हायड्रॉलिक ट्रॉली उचलून खाली ग्रीस मारायला जाणारे रोज दिसतात. पाइप फुटला की ट्रॉली तशीच खाली. जाड बल्ली किंवा लोखंडी टेकू चेसिस आणि तळाच्या मध्ये उभा केल्याशिवाय डोकं आत घालू नका.

शकुंतलाप्रेमी | बुधवार, सायंकाळी ५:१०

ठोकळ्यांवरून आठवण. आमच्या आजोबांनी लाकडाच्या टालातून जुने रेल्वेचे लाकडी स्लीपर घेतले होते, त्याचे तुकडे आजही शेडमध्ये आहेत. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळच्या छोट्या गाडीचे, म्हणजे आपल्या शकुंतलेचे असावेत असं ते म्हणायचे, खरं-खोटं देव जाणे. पण पन्नास वर्षांत तडा नाही. कोणाला टालात असं लाकूड दिसलं तर सोडू नका.

तुरीचा_दाणा | बुधवार, सायंकाळी ५:३५

शकुंतलेत बसलो आहे लहानपणी, मूर्तिजापूरपर्यंत. इंजिन थांबलं की लोक उतरून हरभरा उपटून यायचे.

संत्राबाग_मोर्शी | बुधवार, सायंकाळी ६:०५

शेडमध्ये ताडपत्री, पोती असतात. खाली आडवं व्हायच्या आधी काठीनं झटका. आमच्याकडं पोत्याखाली विंचू निघाला होता, आणि पावसाळ्यात बोनेटमध्ये धामण.

डॉ_कोरडवाहू | बुधवार, सायंकाळी ७:२०

ताईंना दुजोरा. विंचवाच्या दंशाला पूर्वी हातात काही नव्हतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून दाखवल्यापासून कित्येक जीव वाचले. पण ते डॉक्टरांनी द्यायचं औषध आहे. मांत्रिकाकडं थांबून वेळ घालवू नका, साप असो की विंचू.

अजून एक राहिलं. थंडीत शेडचं दार लावून इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखायला लागलं तर आधी बाहेर या.

धुऱ्यावरचा | शनिवार, रात्री ८:४५

मंडळी, चार दिवस गायब होतो, कारण तुम्ही सांगितलेलं करत होतो.

जळका पेचकस विहिरीत टाकला. अर्थची पट्टी घासली, टर्मिनल साफ केले आणि वायरमनदादा, खरंच ट्रॅक्टर चाबीवर घेतो. दोन महिने मी जिवाशी खेळत होतो आणि दोष होता गंजलेल्या एका बोल्टाचा. हे मला झोपू देत नाही. क्लचचा स्विचही पूर्वी कोणीतरी वायर जोडून बंद केला होता, तो नवीन बसवला.

गावातल्या वेल्डरकडून दोन घोड्या केल्या, बूड फूटभर रुंद. बाभळीची फळी आणि पाटी तयार आहे. शेडच्या एका कोपऱ्यात सहा बाय आठ फुटांचा सिमेंट-काँक्रीटचा ओटा टाकतो आहे, जड काम फक्त तिथंच. पाण्याची वीस लिटरची कॅन दाराच्या उजव्या हाताला. डोळे मिटून गेलो. पहिल्यांदा नांगराला ठेचकाळलो, म्हणून नांगर हलवला.

बायकोला जॅक शिकवला. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "घोडी एकाच बाजूला काऊन, दुसरी कुठं हाय?" मी दुसरी लावायला विसरलो होतो.

आता एक प्रश्न उरला आहे. मागचं डावं टायर बदलायचं आहे. वजनासाठी त्यात पाणी भरलेलं आहे, तीन चतुर्थांश. पाणी काढूनही रिमसकट ते मला एकट्याला पेलेल का? भाऊ दिवाळीशिवाय येत नाही आणि ती होऊन गेली.

निवृत्त_मेकॅनिक | शनिवार, रात्री ९:०५

नाही. ते एकट्याचं काम नाही. पाणी काढलं तरी चाक कललं की माणसाला आडवं करतं. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून आधी हवा सोडा, मग व्हॉल्व्ह खाली घेऊन पाणी काढून ठेवा. चाकाला हात लावू नका. ट्रॅक्टर मधून फोडणं (पुढचा-मागचा भाग वेगळा करणं), गिअरबॉक्स उतरवणं आणि मागचं चाक, ही तीन कामं दोन माणसं आल्याशिवाय सुरूच करायची नाहीत.

बाभूळबन | शनिवार, रात्री ९:२०

धुऱ्यावरचे भाऊ, मी पुलगावचा. सोमवारी मोकळा आहे. चेन पुली आणि पुतण्या, दोन्ही घेऊन येतो. आठ वाजता पोचतो. तोवर पाणी काढून ठेवा.

धुऱ्यावरचा | शनिवार, रात्री ९:२४

या भाऊ. रोडगे आणि वांग्याची भाजी करतो. मोठ्या रोडवर पोरगं उभं ठेवतो, नाहीतर पांदण चुकाल.